अँबेसेडरचा ऑईल फिल्टर : वाटीतलं एलिमेंट घ्यावं की पत्र्याचा डबा?

निकाल आधीच सांगतो. 1489 सीसी पेट्रोल इंजिनाच्या अँबेसेडरला मूळची फिल्टरची वाटी, म्हणजे बोल्टने लावलेला धातूचा पेला, शाबूत असेल तर ती काढू नका. चांगलं कागदी एलिमेंट (वाटीच्या आत बसणारं, घड्यांच्या कागदाचं गाळणं), ताजी रबरी रिंग आणि थोडा संयम एवढ्यात काम भागतं, आणि एलिमेंट लिटरभर तेलापेक्षा स्वस्त पडतं. पत्र्याचा फिरवून बसवायचा डबा, ज्याला सगळे स्पिन-ऑन म्हणतात, त्याकडे वळायची कारणं दोनच: वाटीच्या हेडला, म्हणजे वाटी ज्याखाली बसते त्या धातूच्या भागाला, तडा गेलाय किंवा त्यातले आटे गेलेत. 'बदलायला सोपं पडतं' हे तिसरं कारण काउंटरवर ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे.

बडोद्यात जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात जाऊन 'अँबेसेडरचा ऑईल फिल्टर द्या' म्हटलं की साधारण तीन प्रकारच्या वस्तू पुढ्यात येतात. प्लास्टिकच्या पिशवीतलं नवं कागदी एलिमेंट, रंग उडालेल्या खोक्यातला वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुना माल, आणि 'हे लावा, कटकट मिटेल' असं म्हणत दिलेला स्पिन-ऑन डबा, सोबत तो डबा इंजिनावर बसवण्यासाठी लेथवर काढलेला जोड-तुकडा, म्हणजे अडॅप्टर. या तिघांची ही पारख आहे. जीप, बीटल आणि मारुती 800 वाल्यांसाठीही पुढे थोडं आहे, कारण दुकानात गोंधळ होतो तो बहुतेकदा या गाड्यांचे फिल्टर एकमेकांच्या गळ्यात मारल्यामुळे.

आधी इंजिन ओळखा

अँबेसेडर 1958 पासून 2014 पर्यंत बनत होती, त्यामुळे 'अँबेसेडरचा फिल्टर' या शब्दांना एकटा असा अर्थ नाही. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातलं 1489 सीसी पेट्रोल, त्याच घराण्यातलं डिझेल आणि नव्वदच्या दशकात आलेलं इसुझू 1.8 लिटर, तिन्हींचं बिऱ्हाड वेगळं. शिवाय कित्येक गाड्यांत कधीतरी इंजिनच बदललेलं असतं. म्हणून आरसी बुकातलं साल सांगून फिल्टर मागू नका. बसलेला फिल्टर काढून, पुसून, हातात घेऊन जा. प्रीमियर पद्मिनी गाडीलाही हाच नियम लावा.

बॉनेट उघडल्यावर एकच गोष्ट पाहायची. फिल्टर ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, थेट चिकटलेला आहे, की दोन बारीक नळ्यांवर बाजूला कुठेतरी लटकलेला? थेट चिकटलेला असेल तर बहुधा तो फुल-फ्लो: पंपातून निघालेलं सगळं तेल आधी फिल्टरमधून जातं, मग बेअरिंगला. बारीक नळ्यांवरचा फिल्टर बहुधा बायपास पद्धतीचा: तेलाचा थोडासाच भाग, ढोबळमानाने दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी, त्यातून गाळून परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, पडतो. या दोन्हींचे फिल्टर दिसायला सारखे असू शकतात, पण एकाच्या जागी दुसरा लावला तर इंजिनाला महागात पडतं. बायपासच्या फिल्टरचा कागद दाट असतो, तो फुल-फ्लोच्या जागी बसवला की सगळं तेल त्यातून जाऊ शकत नाही.

कागदी एलिमेंट : आमची पसंती, पाचपैकी साडेचार

अर्धा गुण कापलाय तो मालाच्या दर्जातल्या चढउतारामुळे. वस्तूची कल्पना मात्र निर्दोष आहे. वाटी बहुतेक गाड्यांत तोंड वर करून हेडखाली लटकलेली असते, त्यामुळे इंजिन बंद झालं तरी तिच्यातलं तेल ओघळून जात नाही. सकाळी स्टार्टर मारला की दाब लवकर येतो. स्पिन-ऑन आडवा किंवा उलटा बसला तर हेच मिळवण्यासाठी त्याच्या आत रबराचा पडदा लागतो. वाटीला तो लागतच नाही.

दुकानात एलिमेंट हातात घेतल्यावर घड्या मोजायची गरज नाही, पण त्या सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा. एका बाजूला दाटी आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट असेल तर तेल त्या फटीच्या बाजूनेच जास्त वाहणार. दोन्ही टोकांच्या चकत्यांना कागद सगळीकडून चिकटलेला हवा. हलकं पिळून पाहा: चकती कागदापासून सुटत असेल, करकर आवाज येत असेल, तर गोंद वाळलाय. मधल्या भोकातली रबरी किंवा फेल्टची कडी घट्ट बसलेली असावी. ती ढिली असली की गाळायचं तेल कागदाला टाळून तिथूनच पलीकडे जातं, आणि दाबाच्या काट्यावर काहीच कळत नाही. आतली भोकांची पत्र्याची नळी अंगठ्याने दाबून दबत असेल तर ते एलिमेंट परत द्या. थंडीत घट्ट तेलाच्या दाबाखाली अशी नळी चेपते आणि कागद आत ओढला जातो.

उंची हा यातला सगळ्यात नाजूक मुद्दा. जुनं आणि नवं शेजारी शेजारी उभं करून पाहा. नवं जास्त उंच असेल तर वाटीची कड रिंगपर्यंत पोचतच नाही, तुम्ही बोल्ट आवळत राहता आणि तळ वाकतो. नवं कमी उंच असेल तर खालची स्प्रिंग त्याला वर दाबून धरू शकत नाही. एलिमेंट वाटीत तरंगतं, तेल त्याच्या वरून निघून जातं. गाडी चालते, दाब दिसतो, गळती नाही, फक्त गाळणं बंद. फिल्टरच्या सगळ्या चुकांमध्ये ही सर्वात कपटी.

किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कागद, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. खोक्यावर '20 मायक्रॉन' छापलेलं असणं म्हणजे पुरतं उत्तर नव्हे. 20 मायक्रॉनचे निम्मेच कण अडवणारा फिल्टरही तोच आकडा छापतो आणि शंभरातले जवळजवळ 99 अडवणाराही. फरक बीटा या आकड्यात असतो: 20 मायक्रॉनला बीटा 2 म्हणजे निम्मे कण पार, बीटा 75 म्हणजे 98.7 टक्के अडले. ही मोजणी आयएसओ 4548-12 या चाचणीने होते. जो उत्पादक हा आकडा देतो त्याला थोडं झुकतं माप द्यावं. पण जुन्या बी-सिरीजला फार बारीक जाळीचा हट्ट नको. चेंबरमध्ये वर्षांची काजळी साचलेली असेल तर बारीक कागद लवकर चोंदतो, बायपासचा व्हॉल्व्ह, म्हणजे चोंदलेल्या फिल्टरला वळसा देणारी झडप, उघडतो आणि मग न गाळलेलंच तेल फिरतं. मध्यम कागद, वेळेवर बदललेला, हेच बरं.

रिंग

रिंगवर वेगळं लिहायलाच हवं, कारण वाटीची बदनामी झालीय ती हिच्यामुळे. हेडच्या खालच्या अंगाला एक खाचा असतो, त्यात रबरी रिंग बसते आणि वाटीची कड तिच्यावर दबते. जुनी रिंग तापून तापून खाचेच्या तळाला चपटी होऊन बसते, काळ्या धातूसारखी दिसते. खालून, अंधारात, तेलकट हाताने पाहिलं तर खाचा रिकामाच वाटतो. त्यावर नवी रिंग चढवली की दोन रिंगा एकावर एक. गार इंजिन, घट्ट तेल, पहिल्याच मिनिटात दाब सर्वात जास्त, आणि वरची रिंग बाहेर सरकते. तेलाची धार सुरू झाली की चेंबर रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही.

म्हणून टॉर्च घेऊन खाचेत डोकावा, किंवा लहान आरसा धरा. रिंग काढायला स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, हेडच्या मऊ धातूवर ओरखडा पडला की कायमची झिरप. टोकदार सुई किंवा वाकवलेली सायकलची तार पुरते. निघाल्यावर खाचा केरोसिनच्या फडक्याने पुसा आणि बोटाचं नख पूर्ण गोलाईत फिरवा. नख कुठेही अडखळता कामा नये.

एलिमेंटच्या पिशवीत कधी रिंग येते, कधी येत नाही, कधी भलतीच येते. काही पिशव्यांत दोन-तीन जाडीच्या रिंगा असतात, कारण एकच एलिमेंट अनेक हेडना चालतं. तेव्हा तिन्ही बसवायच्या नसतात, आपल्या खाचेत जी न ताणता, न सुरकुतता बसते ती एकच. रिंग मिळालीच नाही तर मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) बाजूला रबरी सीलचं काम करणाऱ्यांकडे व्यास आणि जाडी मोजून नायट्राईल रबराची मागा. दोरी कापून गोंदाने जोडलेली रिंग नको. तो जोड गरम तेलात सुटतो.

जुना साठा : खोकं छान, भरवसा कमी

बंद पडलेल्या दुकानांतून निघालेला पिवळट खोक्यातला माल संग्राहकांना भुलवतो. खोकं कपाटात मांडायला उत्तम. एलिमेंट वापरायचं असेल तर दोन गोष्टी पाहा. कागदी असेल तर चकत्यांचा गोंद वर सांगितल्याप्रमाणे तपासा, आणि आतल्या रबरावर नख दाबा: खळगा पडून परत वर आला तर रबर जिवंत आहे, नख घसरलं किंवा बारीक भेग दिसली तर नाही. फेल्ट किंवा सुती धाग्याचं असेल तर सोडून द्या. जुना धागा सुटून तेलात जातो, आणि तो अडकायची जागा म्हणजे तेलाच्या बारीक वाटा. सोबत आलेली रिंग कितीही चकचकीत दिसली तरी वापरू नका, नवीच घ्या.

नकली मालाचं म्हणाल, तर तो जुन्या गाड्यांपेक्षा चालू मॉडेलांच्या डब्यांत जास्त, कारण तिथे खप आहे. तरीही छापील किंमत, उत्पादनाचा महिना-साल आणि उत्पादकाचा पत्ता खोक्यावर नसेल तर ते घेऊ नका. बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा पडला, तर बहुधा उत्तर मिळालंच.

स्पिन-ऑन डबा आणि अडॅप्टर : गरज असेल तरच

बी-सिरीजसाठी स्पिन-ऑनचे किट परदेशात सर्रास मिळतात, पण ते प्रामुख्याने एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाड्यांसाठी. घराणं एक असलं तरी फिल्टरचं हेड गाडीगणिक बदलतं. चित्र पाहून मागवलेला तुकडा अँबेसेडरच्या ब्लॉकवर बसेलच असं नाही. बोल्टांच्या भोकांची अंतरं आणि तेलाच्या वाटांच्या जागा कागदावर ठसा घेऊन पडताळल्याशिवाय पैसे पाठवू नका.

मग उरतो स्थानिक लेथवर काढलेला अडॅप्टर. मकरपुऱ्यात हे काम सुबक करणारे कारागीर आहेत, प्रश्न त्यांच्या हाताचा नसून आपण दिलेल्या मापाचा असतो. चार ठिकाणी चूक होते. एक, गास्केट जिथे टेकते तो चेहरा मधल्या स्टडला, म्हणजे डबा ज्यावर फिरवून बसवतात त्या आट्यांच्या दांड्याला, काटकोनात नसतो, मग गास्केट एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूला पाझरते. दोन, तेलाची वाट मूळ भोकापेक्षा बारीक काढलेली असते. मूळ व्यासाहून कमी कुठेही चालणार नाही. तीन, स्टड अडॅप्टरमध्ये नुसता फिरवून ठेवलेला असतो. पुढच्या खेपेला डबा काढताना स्टडच बाहेर येतो, म्हणून तिथे आटे पक्के धरणारं लॉकिंग द्रव हवं. चौथी चूक सगळ्यात वाईट: येणारी आणि जाणारी वाट उलटी जोडली जाते. स्पिन-ऑनमध्ये तेल कडेच्या लहान भोकांतून आत येतं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून बाहेर पडतं. उलटं जोडलं तर कडेच्या भोकांमागचा परत-वाह रोखणारा पडदा बंदच राहतो आणि कागदाच्या घड्या आतून बाहेर फुगून फाटतात.

बायपास व्हॉल्व्हचाही हिशेब आधीच करा. बी-सिरीजच्या अनेक हेडमध्येच बॉल आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, फिल्टर चोंदला तर तेल अडू नये म्हणून. अडॅप्टरने ते हेड बाजूला सारलं तर हा व्हॉल्व्हही गेला. मग डब्याच्या आत स्वतःचा बायपास असलेलाच फिल्टर घ्यावा लागेल. तो नसेल आणि फिल्टर चोंदला, तर बेअरिंगला तेल नाही.

आता आटे. बाजारातल्या असंख्य डब्यांचे आटे दोन मापांत येतात: एम-20, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मिलिमीटर, आणि पाऊण इंच, इंचाला 16 आटे, यूएनएफ. मारुती 800 चा डबा पहिल्या मापाचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर आणि पिच 1.59 च्या जवळ. पाऊण इंचाच्या स्टडवर एम-20 चा डबा चढतो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे एकमेकांना जेमतेम टोकाला धरून असतात. गार इंजिन जोरात रेस केलं की डबा निसटू शकतो किंवा आटे खरवडून निघतात. उलट बाजूने, एम-20 च्या स्टडवर पाऊण इंचाचा डबा चढतच नाही, तिथे जोर लावणाऱ्याला स्टड बदलावा लागतो. स्टडला व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा: 19 च्या आसपास की 20 च्या, हे लगेच कळेल. आट्यांच्या गेजचं पान लावलं तर आणखी पक्कं. 'मारुतीचा बसतो' हे वाक्य कानावर पडलं की व्हर्निअर काढायचा.

दुकानातच स्पिन-ऑनची एक चाचणी करता येते, घ्यायचं ठरल्यावर. कडेच्या भोकांतून आत पाहा, काळा किंवा केशरी-लालसर रबरी पडदा दिसेल. काळा बहुधा नायट्राईल, केशरी बहुधा सिलिकॉन. सिलिकॉन उष्णतेत जास्त काळ मऊ राहतो, बडोद्याच्या मे महिन्यात हा फरक किरकोळ नाही. घरी आल्यावर मधल्या भोकातून थोडं तेल ओता, दोन मिनिटं थांबा, डबा आडवा करा. कडेच्या भोकांतून तेल लगेच ओघळलं तर पडदा निकामी. डबा तोंड वर करून लटकणार असेल तर मात्र या पडद्याचं महत्त्व थोडंच. आडवा बसणार असेल तर हाच पडदा सकाळी खडखडाट होणार की नाही ते ठरवतो.

लांब डबा चालतो का? जागा असेल तर हो, आतला कागद जास्त मिळतो. गास्केटचा व्यास मात्र तंतोतंत हवा. ती चेहऱ्याच्या मशीन केलेल्या पट्ट्याच्या मधोमध टेकली पाहिजे, कडेवर नाही.

ज्यांना गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं: 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. बोल्टने लावलेला अडॅप्टर म्हणजे मोठा फेरफार नव्हे, पण मूळ वाटी, स्प्रिंग, बोल्ट, सगळं पुडीत बांधून ठेवा. प्रदर्शनात तर मूळपणालाच गुण. जानेवारी 2023 मध्ये बडोद्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात 21 गन सॅल्यूट या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचं आयोजन झालं होतं. तशा हिरवळीवर गाडी उभी करायची असेल तर झगमगत्या रंगाचा डबा परीक्षकाच्या डोळ्यांत पहिला खुपतो.

बसवताना

इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा, उकळतं नको. आधी चेंबरचं तेल काढा, मग वाटीखाली पसरट भांडं ठेवून मधला बोल्ट सोडा. वाटीत पाव ते अर्धा लिटर तेल असतं, ते अंगावर येणार हे गृहीत धरा.

वाटी उतरल्यावर आतले सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडा: बोल्ट, त्याच्या डोक्याखालची वायसर, वाटी, स्प्रिंग, पोलादी वायसर, फेल्टची किंवा रबराची चकती, दाब-प्लेट, मग एलिमेंट. यातली दाब-प्लेट जुन्या एलिमेंटच्या बुडाला चिकटून राहते आणि त्याच्यासोबत कचऱ्यात जाते. ही चूक इतकी सर्रास होते की जुनी गाडी विकत घेतल्यावर पहिल्याच खेपेला ती प्लेट आहे का ते पाहावं. प्लेट नसेल तर स्प्रिंग थेट एलिमेंटच्या पत्र्यात रुतते. फेल्टची चकती नसेल तर बोल्टच्या कडेने न गाळलेलं तेल निघून जातं. दोन्ही वस्तू भंगारातल्या वाटीतून मिळवता येतात.

वाटी केरोसिनने धुऊन कोरडी करा. तळाशी चिकट काळा थर सापडला तर नवल नाही. चमचमणारे पिवळसर कण सापडले तर मात्र थांबा, बेअरिंगचं किंवा बुशचं काही सांगणं आहे. लोखंडी कण आहेत का ते चुंबक फिरवून पाहा. नवी रिंग तेलात बुडवून खाचेत बसवा. एलिमेंट बसवून वाटीत अर्ध्यापर्यंत नवं तेल ओता म्हणजे पहिल्या फेऱ्या कोरड्या जाणार नाहीत. वाटी वर चढवताना बोल्ट हाताने आवळत जा आणि त्याच वेळी वाटी थोडी डावी-उजवीकडे फिरवत राहा. कड रिंगवर नीट बसली की फिरणं जड होतं. शेवटचा आवळ 16 ते 20 न्यूटन-मीटर, म्हणजे लहान पान्याने मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. वाटीचा तळ बशीसारखा वाकतो आणि हेडमधले आटे जातात. मग स्पिन-ऑनवाला खूश.

स्पिन-ऑन असेल तर गास्केटला तेलाचं बोट लावा, जुनी गास्केट ब्लॉकलाच चिकटून राहिली नाही ना ते हाताने चाचपा, गास्केट टेकल्यावर पाऊण फेरा. हातानेच. पट्ट्याचा पाना काढायला असतो, लावायला नाही.

तेल भरल्यावर इंजिन पेटू नये म्हणून कॉईलची मधली वायर काढून स्टार्टर दहा-दहा सेकंदांच्या हप्त्यांत मारा, दाबाचा काटा हलेपर्यंत किंवा दिवा विझेपर्यंत. मग वायर जोडून सुरू करा, रेस न करता आयडलवर ठेवा आणि खाली वाकून वाटीची कड पाहा. बी-सिरीजला गरम झाल्यावर आयडलला 15 पीएसआयच्या आसपास आणि चालताना 50 च्या आसपास दाब असला की निवांत राहावं. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहून राहिलेलं तेल भरा, कारण फिल्टरने आपला वाटा उचललेला असतो.

तेल 20डब्ल्यू-50, साधं खनिज. या इंजिनाचे टॅपेट (कॅमवर घासत व्हॉल्व्ह उचलणारे भाग) सपाट बुडाचे आहेत, त्यांना जस्त-फॉस्फरसचं मिश्रण लागतं. आजकालच्या पातळ तेलांत फॉस्फरसला वरची मर्यादा घातलेली असते, 20डब्ल्यू-50 त्या मर्यादेत मोडत नाही. पूर्ण सिंथेटिक पातळ तेल घालून जुन्या सीलमधून ठिबक सुरू करण्यात शहाणपण नाही.

किती दिवसांनी? 5,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. बडोद्यातल्या जुन्या गाड्यांना बहुधा वर्षच आधी येतं. रावपुऱ्यातून अलकापुरीपर्यंत जाऊन सेव-उसळ खाऊन परत, एवढ्या फेरीत तेल पुरतं तापतच नाही. इंजिनातला ओलावा उडून न जाता तेलात मुरतो, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद मऊ पडतो. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर पहिला फिल्टर 500 किलोमीटरवर आणि दुसरा 1,500 वर बदला. नवं तेल जुना गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. इंजिन धुणारी बाटलीबंद द्रव्यं अशा इंजिनात नकोत, गाळाचा तुकडा एकदम सुटला तर पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

पुराचं पाणी शिरलं असेल तर

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहराच्या बऱ्याच भागांत शिरलं, आणि तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी तशीच सुरू करू नका. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं की चेंबरचा नट हळूच सोडा. पाणी जड असल्याने आधी तेच येईल, मग तेल. फिल्टर काढल्यावर कागद फुगून लगदा झालेला दिसेल, तो पुन्हा वापरायचा प्रश्नच नाही. नवं एलिमेंट आणि स्वस्त तेल घालून दहा-पंधरा मिनिटं आयडलवर चालवा, दोन्ही परत काढा, आणि मगच चांगलं तेल व दुसरं नवं एलिमेंट. तरीही तेल दुधाळ दिसलं तर तिसरी फेरी. इथे कंजूषी बेअरिंगच्या अंगावर येते.

जीप, बीटल आणि बाकीचे

महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपवर, म्हणजे विलीज घराण्याच्या हरिकेन इंजिनावर, बायपास पद्धतीची टाकी दोन नळ्यांवर असते. तिथे फिल्टरपेक्षा नळ्या महत्त्वाच्या. चिरलेली रबरी नळी फुटली की पंप चेंबरमधलं सगळं तेल रस्त्यावर ओततो. पाण्याची किंवा पेट्रोलची नळी चालणार नाही, गरम तेलासाठीचीच हवी. वाटेत दाब रोखणारं टाचणीएवढं भोक असतं, ते कुणी 'चोंदलंय' म्हणून ड्रिलने मोठं केलं असेल तर आयडलला दाब पडणारच. फिल्टर जिवंत आहे का ते ओळखायला पंधरा मिनिटं गाडी चालवून टाकीला हात लावा. गार असेल तर आतून चोंदलाय, तेल जातच नाही. आणि या टाकीच्या जागी फुल-फ्लो डबा लावायचा मोह टाळा.

जुन्या हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलला फिल्टरच नसतो, फक्त तारेची जाळी. तेल अडीच लिटर, दोन कागदी गास्केटी, सहा लहान नट. ते नट अति आवळले की मॅग्नेशियमच्या केसमधले स्टड उपटतात, म्हणून 7 न्यूटन-मीटरपुढे जाऊ नका. मारुती 800 वाल्यांना फारसं सांगण्यासारखं नाही, डबा सहज मिळतो, आटे एम-20 चेच आहेत एवढी खात्री करा.

काढलेला फिल्टर भोकं खाली करून रात्रभर निथळू द्या. जळकं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, 2016 च्या नियमांत ते घातक कचरा म्हणून मोडतं. झाकणाच्या डब्यात भरून अशा गॅरेजकडे द्या जिथून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, वाटीखाली वर्तमानपत्राचं पान अंथरून गाडी सुरू करा आणि पाच मिनिटं तशीच राहू द्या. पानावर एकही डाग नसेल तर वाटीच्या बुडाला पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.